परातीतली तेरावी वस्तू

परातीत बारा वस्तू होत्या. सीटचे दोन बोल्ट, उजव्या पॅनेलचे तीन स्क्रू, एअर फिल्टरच्या खोक्याच्या झाकणाचे चार स्क्रू, फिल्टर आत धरून ठेवणारा एक लांब बोल्ट, त्या बोल्टचा वॉशर, आणि फोम ज्याच्यावर चढवतात तो प्लास्टिकचा पिंजरा. जुना फोम बादलीत रॉकेलमध्ये भिजत होता. नवा फोम पिशवीत होता. सीट आणि पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ते मोजायचं कारण नव्हतं, कारण सीट विसरून कुणी गाडीवर बसत नाही.

परातीच्या बाहेर, पायरीवर, कॉफीच्या बरणीचं एक लाल झाकण होतं.

पट्टीने ते परातीतून उचलून तिथे ठेवलं होतं.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचे बाबा नदीच्या वरच्या अंगाला सात ठिकाणी पाण्याची पातळी वाचायला जात. पाण्यात उभ्या केलेल्या आकड्यांच्या पट्ट्या असतात, त्या वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. अशीच एक मोडकी पट्टी त्यांनी घरी आणून दाराच्या चौकटीला ठोकली होती आणि मुलगी तिच्यासमोर उभी राहून वाढली. पुढे ती विज्ञान शाखेची पदवी घेऊन आली, नोकरीच्या पत्राची वाट बघत घरी बसली, आणि घरातली प्रत्येक गोष्ट मोजू लागली, तेव्हा नाव पक्कंच झालं.

दर दहा दिवसांनी बाबा निघत. निम्मी वाट डांबरी, निम्मी माती-दगडाची, म्हणून गाडीही तशीच होती: उंच, सडपातळ, रस्त्यावर बरी आणि कच्च्या वाटेवर त्याहून बरी. ती वाट धुळीची. पिठासारखी मऊ धूळ, पुढून ट्रक गेला की दोन मिनिटं काही दिसत नाही. त्यामुळे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एअर फिल्टर साफ व्हायलाच हवा, आणि तो बाबांनी करायचा नाही, हा घरचा कायदा होता. जो जाणार तो फिल्टरला हात लावणार नाही. जो घरी राहणार तो करणार.

कायदा आईने केला होता. एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी निघता निघता पाच मिनिटांत फिल्टर बसवला होता आणि झाकणाचा एक स्क्रू लावायचा राहिला होता. धुळीने पिस्टन खाल्ला. बाबा बावीस किलोमीटर चालत आले. आईने त्यांना आधी पाणी दिलं, मग जेवायला वाढलं, आणि मग सांगितलं की ज्याला निघायची घाई असते त्याच्या हातात पाना द्यायचा नाही. तेव्हापासून ती करायची. परातीत सगळं मोजून काढायचं, मोजून लावायचं. आणि एकाने लावताना मोठ्याने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने ऐकायचा.

तीन आठवड्यांपूर्वी आई ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. म्हणून या वेळी काम पट्टीकडे आलं.

"तेरा मोजायचे," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "बारा नाही."

"तेरावं झाकण आहे, आई. ते गाडीचा भाग नाही."

"म्हणूनच मोजायचं."

पट्टी हसली. फिल्टर काढला की खोक्याच्या आत, मागच्या बाजूला, एका रबरी नळीचं तोंड उघडं पडतं. ती नळी कार्ब्युरेटरकडे आणि तिथून इंजिनात जाते. खोकं पुसताना त्या तोंडात कचरा पडला तर तो थेट आत. म्हणून आई त्यावर ते लाल झाकण टेकवून ठेवायची. पट्टीने फुटपट्टी लावून पाहिली. तोंड अगदी गोल नव्हतं, जरा चपटं होतं, आणि झाकणाच्या एका बाजूला दोन मिलिमीटरची फट राहत होती. दोन मिलिमीटरमधून धूळ जाते. इतकी वर्षं जात असणार.

बाबांचा एक जुना चौकटीचा शर्ट होता, धुवून धुवून विरलेला. त्याची पाठ तिने फाडून चार सारखी फडकी केली होती. दोन हातांसाठी, एक खोकं पुसायला. चौथ्याचा तिने सैलसर बोळा केला आणि नळीच्या तोंडात बसवला. फट शून्य. बोळा बाहेर पडू नये म्हणून अंगठ्याने आणखी थोडा आत सारला.

मग तिने मन लावून काम केलं. खोकं कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं. जुना फोम रॉकेलमधून काढून साबणाच्या पाण्यात धुतला. पिळला नाही, नुसता दाबला, कारण पिळला की शिवण उकलते. तो जादाचा म्हणून सावलीत टांगला. नवा फोम पिशवीतून काढून त्याला निळं चिकट तेल लावलं आणि पिठासारखा मळला, रंग सगळीकडे एकसारखा येईपर्यंत. कडेला ग्रीस फिरवलं. पिंजऱ्यावर चढवला. तोवर उजेड कमी झाला होता. खोक्याच्या आत काळं, नळीचं तोंड काळं, आणि फडक्याच्या चौकटी गडद निळ्या. तिने फिल्टर बसवला, लांब बोल्ट आवळला, आणि मोजत मोजत परात रिकामी केली.

"अकरा," ती म्हणाली. "बारा."

"आणि तेरा?" आतून आईचा आवाज आला.

"झालं, आई."

आईला ऐकू आलं की झालं. तिने डाव्या हाताने गॅस बारीक केला.

सकाळी सहा चाळीसला बाबा निघाले. जेवणाचा डबा, वही, पाण्याच्या दोन बाटल्या, हेल्मेट. गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली, पण आवाज नेहमीसारखा सुटा नव्हता. घशात काही अडकल्यासारखा भरलेला होता. बाबांनी दोनदा रेस दिली आणि मान तिरकी केली.

"जड वाटतेय गं."

"फोम नवा आहे, तेलही ताजं आहे," पट्टी म्हणाली. "सुरुवातीला हवा जरा कमी ओढते. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये मोकळी होईल. नाहीच झाली तर एकदा जोरात रेस द्या, जास्तीचं तेल ओढून घेईल."

"ऐकलंस का," बाबा आईला म्हणाले, "आता डिग्रीवाल्या मेकॅनिक आहेत आपल्याकडे. गॅरेजवाला मामा भिकेला लागणार."

"जपून जा," आई म्हणाली. ती दर वेळी तेवढंच म्हणायची.

सात वाजून दहा मिनिटांनी पट्टी फडकी धुवायला बसली.

फडकी तीन होती.

तिने परत मोजली. तीन वस्तू परत मोजायच्या नसतात, पण तिने मोजल्या. मग बादलीच्या तळाशी हात घातला. मग परात उचलून खाली पाहिलं. कचऱ्याच्या डब्यातून फोमची रिकामी पिशवी काढली, झटकली. दोरीवर टांगलेल्या जुन्या फोमच्या मागे पाहिलं. पायरीखाली पाहिलं. ती हे सगळं सावकाश, एकामागून एक करत होती, कारण शेवटची जागा कुठली हे तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि तिला तिथे पोचायचं नव्हतं.

लाल झाकण पायरीवर तसंच होतं. तिने ते उलटं करून बघितलं. दर वेळी त्याच्या आतल्या बाजूला तेलाचं वेटोळं उमटलेलं असायचं. आई ते राखेने घासून काढायची. आत्ता ते कोरडं होतं.

पट्टीचं डोकं चालत होतं, आणि तेच वाईट होतं. गाडी सुरू झाली ना? झाली. नळीत बोळा असता तर सुरू झाली असती का? बोळा सैल होता. कापड विरलेलं होतं, आरपार दिसण्याइतकं. कमी हवा जाईल, पण जाईल. सुरू होईल. जड आवाज येईल. जड आवाज आलाच होता. आणि त्याचं कारण तिने स्वतः, न विचारता, छान समजावून सांगितलं होतं.

तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडीवर असताना फोन पाठीवरच्या पिशवीत असायचा, आणि हेल्मेटमध्ये स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही.

तिने गॅरेजवाल्या मामाला फोन लावला.

"मामा, एक विचारायचंय. नळीच्या तोंडात फडकं राहिलं तर गाडी चालते का?"

"कुणाच्या गाडीत?" मामा दात घासत असावा.

"चालते का सांगा ना."

"चालते की. सपाटीवर रडतखडत चालते. माझ्याकडे एक इंजिनिअर आला होता, तो मोजा विसरला होता आत. धुतलेला तरी असायचा." मामा थुंकला आणि त्याचा आवाज बदलला. "पट्टे, बाबा निघाले का?"

"हो."

"घाटात जाणार?"

"हो."

"मग ऐक. सपाटीवर रेस कमी असते, ओढ कमी असते. चढाला पूर्ण रेस दिली की फडकं पुढे ओढलं जातं. कार्ब्युरेटरच्या तोंडाला बसलं तर गाडी बंद पडते, ते बरं. आत सरकलं, तर रेस वर जाते आणि सोडली तरी खाली येत नाही. वळणावर तसं झालं तर..." तो थांबला. "त्यांना थांबव. पूर्ण रेस देऊ देऊ नकोस."

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं नव्हतं, पण पट्टीच्या हातातलं लाल झाकण तिने पाहिलं.

"हे कोरडं कसं?" ती म्हणाली.

"मी लावलंच नाही. मी फडकं लावलं होतं. फडकं आतच आहे." मग एक श्वास घेऊन पट्टीने राहिलेलंही सांगून टाकलं, कारण अर्धं सांगितलेलं मोजता येत नाही. "तू तेरा म्हणालीस तेव्हा मी झालं म्हणाले. मी तेरा मोजलं नव्हतं."

आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण बोलण्यात तिने एक सेकंद घालवला नाही.

"घाटाखालच्या पंपावर ते पेट्रोल भरतात. नंबर घरच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. पळ."

घरापासून पंप सव्वीस किलोमीटर होता. पंपानंतर घाट, आणि घाटात तिसऱ्या वळणापासून पुढे चाळीस किलोमीटर फोन लागत नाही. पट्टीच्या हाताला रॉकेलचा वास येत होता, आणि नंबर दोनदा चुकला.

पंपावर एका बाईंनी फोन उचलला. मागे पंपाच्या मशीनचा खडखडाट येत होता.

"पाणीवाले काका का? आत्ताच येऊन गेले की. आज चेहरा पडलेला होता जरा. म्हटलं, काका, काकूंशी भांडण झालं का? तर म्हणाले, नाही हो, गाडी रुसलीय."

"कधी गेले? किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं असतील. का गं, काही राहिलं का घरी?"

"घरी नाही," पट्टी म्हणाली, आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं. पंपापासून पहिलं वळण दोन किलोमीटर, तिसरं वळण पाच. आजच्या चालीने तिसऱ्या वळणाला पोचायला फार तर आठ मिनिटं. उरली तीन. ती परत परत फोन लावत राहिली. चौथ्यांदा. पाचव्यांदा. आई तिच्या शेजारी उभी राहून प्लास्टर केलेला हात डाव्या हाताने धरून होती, जणू तो हात कुठे निघून जाणार होता.

सहाव्यांदा फोन लावायला तिने बोट उचललं, तेवढ्यात फोनच वाजला.

"काय गं, घराला आग लागली का?" बाबांचा आवाज दमलेला होता. "पाच मिस्ड कॉल."

"बाबा, कुठे आहात?"

"दुसऱ्या वळणावर, कडेला. गाडी चढच घेत नाहीये. तू म्हणालीस तसं मोकळी झाली नाही. म्हटलं, तिसऱ्या वळणाच्या आत तुला एकदा विचारावं आणि मग पूर्ण रेस देऊन बघावं, तेल ओढून घेईल म्हणालीस ना..."

"देऊ नका." आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "गाडी बंद आहे?"

"सुरू आहे, हळूवर."

"बंद करा. किल्ली काढा. आधी किल्ली काढा, मग सांगते."

पलीकडे आधी इंजिनाची घरघर होती. मग नव्हती. वारा ऐकू येऊ लागला.

तिने सांगितलं.

"म्हणजे उघडावं लागेल," बाबा म्हणाले.

"हो."

"मी? फिल्टर?" एकोणीस वर्षं पाळलेला कायदा रस्त्याच्या कडेला मोडायचा होता. "तुझी आई आहे का तिथे?"

आईने फोन ओढून घेतला आणि स्पीकर लावला. "मी आहे. पाठीवरच्या पिशवीत पाना आहे, दहा नंबरचा, आणि स्क्रूड्रायव्हरही. घाई करायची नाही. काढाल ते हेल्मेटमध्ये टाका आणि मोठ्याने मोजा."

"बरं." पत्र्याचा आवाज, दगडावर बुटाचा आवाज. "सीटचा एक."

"एक," आई म्हणाली.

"दोन."

"दोन."

पॅनेलचा एक स्क्रू घट्ट होता. बाबा त्याच्याशी कुजबुजत राहिले. पट्टीने तो काल स्वतः आवळला होता, वाजवीपेक्षा जास्त, चांगलं काम करण्याच्या हौशीने. पाचवा निघाला, सहावा निघाला. नववा निघेपर्यंत आईचा आवाज सपाट होता, भाजीवाल्याकडे वाटाणे मोजून घ्यावेत तसा. मग एकदम बाबा म्हणाले, "थांबा, ट्रक येतोय."

"अंगाने झाका," पट्टी ओरडली. "उघडं खोकं अंगाने झाका."

ट्रक आला, गेला. त्यानंतर बराच वेळ फक्त खोकला ऐकू आला.

"झाकलं. माझ्या पाठीवर आता भाजी लावता येईल." परत खोकला. "दहा. लांब बोल्ट. अकरा, वॉशर. बारा, फिल्टर पिंजऱ्यासकट. किती निळं केलंयस गं याला."

"बारा," आई म्हणाली.

"आत बघा. काय दिसतंय?" पट्टीने विचारलं.

"अंधार दिसतोय."

"फोनचा टॉर्च लावा."

"लावला. नळी आहे. रिकामी आहे."

पट्टीच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी एकाच वेळी आल्या: एक, फडकं मुळात तिथे नव्हतंच आणि ती सगळ्यांना उगाच नाचवतेय; दुसरी, फडकं पुढे सरकलंय. पहिली खरी असती तर तिने आनंदाने हवी ती बोलणी खाल्ली असती.

"नळी पुढे उजवीकडे वळते," ती म्हणाली. "हात पुसून घ्या आणि दोन बोटं घाला. वळणाच्या पुढे."

"बोटं जाड आहेत माझी."

"करंगळी आणि तिच्या शेजारचं."

बाबांचा श्वास फोनच्या अगदी जवळ आला. "रबर... रबर... हं."

"काय?"

"ओलं काहीतरी लागलं. धागा आहे."

"ओढू नका एकदम," आई आणि पट्टी एकाच वेळी म्हणाल्या.

"ओढत नाहीये. फिरवतोय." बराच वेळ गेला. घड्याळात तो फक्त दीड मिनिट होता. पट्टी काट्याकडे बघत होती. मग एक बारीक आवाज आला, कापड फाटल्यासारखा, आणि त्यामागून बाबांचा उसासा. "आलं. माझाच शर्ट. हा मला आवडायचा."

पट्टी भिंतीला टेकून खाली बसली. आई नाही बसली.

"अख्खं आहे का?" आईने विचारलं.

"मला काय माहीत अख्खं म्हणजे केवढं."

पट्टी पुन्हा उठली. "बाबा, कोपरे मोजा."

"एक, दोन, तीन. चौथा... चौथा कुरतडल्यासारखा आहे."

"फाटला आत्ता की आधीच तसा होता?"

"आवाज तूही ऐकलास. मला विचारून काय होणार?" त्यांनी फडकं झटकल्याचा आवाज आला. "एवढासा आहे गं, बोटाच्या पेराएवढा. असेल कुठे तरी. मी फिल्टर बसवतो आणि निघतो. पहिली पट्टी साडेनऊला वाचायची असते. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही."

एवढ्याशा तुकड्याचं काय होतं ते पट्टीला नक्की माहीत नव्हतं. जळून जाऊ शकतो. रेस दिली-सोडली की कार्ब्युरेटरमधली झडप ज्या खाचेत वर-खाली सरकते, त्या रेसच्या खाचेत बसू शकतो, आणि सातव्या वळणावर, जिथे डाव्या हाताला दरीच्या कडेला कठडा नाही, तिथे हलू शकतो. तिने आज एकदा न माहीत असलेली गोष्ट खात्रीने सांगितली होती.

"गाडी सुरू करायची नाही," ती म्हणाली. "उताराने बंद गाडी पंपापर्यंत आणा. तिथून टेम्पो बघा."

"अगं, पण नोंद..."

"जो घरी राहतो तो फिल्टरचं बघतो, बाबा. मी घरी आहे."

वाऱ्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बरं."

ते फिल्टर बसवू लागले. आता क्रम उलटा होता आणि आईने एकही आकडा सोडला नाही. शेवटचा सीटचा बोल्ट लागला.

"बारा," बाबा म्हणाले.

"आणि तेरा?" आईने विचारलं.

"तेरावं माझ्या खिशात आहे."

पावणेबाराला टेम्पो दारात आला. बाबांच्या भुवया, कान, पाठ सगळं एका रंगाचं झालं होतं. पट्टी पुढे झाली, काय बोलायचं ते तिने सकाळपासून तीन-चार प्रकारे जुळवून ठेवलं होतं, पण बाबांनी खिशातून फडकं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी हे बघ. बाकीचं जेवताना." आणि ते अंघोळीला गेले.

गॅरेजवाला मामा आपली पेटी घेऊन आला होता. त्याने अंगणात गाडी उभी केली, फिल्टर काढला, आणि नळीकडे हात नेण्याआधी आईने डाव्या हाताने लाल झाकण त्याच्यासमोर धरलं. मामाने तिच्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि ते परातीत ठेवलं. मग कार्ब्युरेटर सोडवायला घेतला.

"आत किती गेलंय ते सांग मला," तो पट्टीला म्हणाला. "नाहीतर मी काय शोधतोय आणि कधी थांबायचं ते मला कळणार नाही. इंजिनात गेलं असेल तर इंजिनाचं हेड उघडावं लागेल."

पट्टीने स्वयंपाकघराचं टेबल पुसलं. चारही फडकी धुवून, दाबून, सपाट पसरली. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे कडा सरळ होत्या, आणि शर्टाच्या चौकटी आलेखाच्या कागदासारख्या होत्या. एक चौकट सहा मिलिमीटर बाय सहा. तिने तिसऱ्या आणि चौथ्या फडक्याच्या कडा एकमेकींना लावल्या. रेषेला रेष जुळली, गडदला गडद, फिक्याला फिकी, पार टोकापर्यंत. आणि टोकाला चौथं फडकं संपलं. कोपऱ्यात एक लांबट खाच होती. तिने टोकदार पेन्सिलीने तिसऱ्या फडक्यावरच्या शेजारच्या चौकटी मोजल्या. मग उलट बाजूने मोजल्या. मग आईला मोजायला सांगितल्या.

"पाच," आई म्हणाली.

"पाच." पट्टीने खिडकीतून मामाला सांगितलं, "पाच चौकटी. तीस मिलिमीटर लांब, सहा रुंद."

"एकसंध असेल कशावरून?"

"नसेलही."

बाबा ओल्या केसांनी येऊन खुर्चीत बसले. जेवण ताटात वाढलेलं होतं. कुणी सुरुवात केली नाही. अंगणातून पान्याचा आवाज येत होता, मध्येच पेट्रोलचा वास. एकदा मामा शिवी दिल्यासारखं काहीतरी पुटपुटला.

मग तो चिमट्यात काहीतरी धरून दारात आला. ओली, काळपट चिंधी. "रेसच्या खाचेत होती," तो म्हणाला. त्याने ती टेबलावर ठेवली. "अशी की, अजून दोनदा रेस दिली असती तर..." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने चिमटा पुसायला घेतला.

पट्टीने चिंधी पाण्याच्या थेंबात सरळ केली. पेन्सिल टेकवली.

"तीन," ती म्हणाली.

"तीन म्हणजे?" मामाने विचारलं.

"म्हणजे दोन अजून आत आहेत."

मामा परत गेला. आईने बाबांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. बाबा दाराच्या चौकटीवरच्या जुन्या पट्टीकडे बघत बसले होते; पट्टी त्यांच्याकडे बघत नव्हती, ती खाचेकडे बघत होती, जिथे तीन चौकटी आता भरल्या होत्या आणि पुढे टेबलाचं लाकूड दिसत होतं. वीस मिनिटं गेली. बाहेर मामाने कार्ब्युरेटर हवेने फुंकला, थांबला, परत फुंकला. मग खूप वेळ काहीच आवाज आला नाही.

तो आला तेव्हा चिमटा त्याने दुसऱ्या हाताच्या तळव्याने झाकला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. "नळीच्या दुमडीत," तो म्हणाला. "हे तेच आहे का बघ. दोरा असेल नुसता."

पट्टीने ते खाचेच्या टोकाशी ठेवलं, पेन्सिलीच्या टोकाने हळूच उलगडलं, आणि वर फुटपट्टी लावली. आई तिच्या खांद्यावरून वाकली. पट्टीने मोठ्याने मोजलं, आईने ऐकलं.

दोन चौकटी. बारा मिलिमीटर बाय सहा.